वैधव्याची नाममुद्रा : मादाम क्लिको आणि शॅंपेनची कथा

मराठीत विधवेच्या नावाआधी गं. भा. ही अक्षरे लिहिण्याची रीत होती आणि काही घरांच्या पत्रिकांत ती आजही दिसते. गंगा भागीरथी हे तिचे पूर्ण रूप. त्या अक्षरांत आदर होता, तसाच एक निकालही होता. या बाईचा संसार संपला, आता तिने व्रते करावीत, तीर्थास जावे आणि जमल्यास गंगेच्या काठी देह ठेवावा, असे ती अक्षरे न बोलता सांगत. वाराणसीचे मराठी घाट या निकालाचे साक्षीदार आहेत. त्यांपैकी राजा घाट हा रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांच्या नावाशी जोडलेला आहे. वसईच्या तहानंतर पुण्याचे राजकारण उलटेपालटे झाले. १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून अमृतराव उत्तरेत आले, काशीत त्यांनी दानधर्म मांडला, अन्नछत्र चालवले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या घाटाला दगडी रूप दिले. दक्षिणेतून काशीवासासाठी येणाऱ्यांत पतीविना उरलेल्या स्त्रिया पुष्कळ असत आणि काशीच्या मराठी वस्तीत त्यांना आसरा मिळे.

त्याच दशकात, १८०५ च्या ऑक्टोबरमध्ये, फ्रान्समधील रॅंस शहरात २७ वर्षांची एक स्त्री विधवा झाली. तिच्याही नावाआधी तिच्या भाषेतला विधवावाचक शब्द लागला. फ्रेंचमध्ये तो व्हव असा आहे. मात्र तिने तो शब्द आयुष्याच्या अखेरीची खूण होऊ दिला नाही. तो तिने बाटलीवर छापला, व्यापारी कागदांवर लिहिला आणि युरोपभर पोहोचवला. बार्ब-निकोल क्लिको-पोन्सार्दां हे तिचे नाव. व्हव क्लिको या नावाने तिची शॅंपेन आजही जगभर विकली जाते. फसफसणारी द्राक्षमदिरा स्वच्छ, नितळ आणि व्यापारयोग्य करण्यात या स्त्रीचा वाटा फार मोठा आहे. मद्याच्या गुणदोषांचा विचार वेगळा. येथे पाहायचे आहे ते एका स्त्रीचे कर्तृत्व.

बार्ब-निकोल यांचा जन्म १६ डिसेंबर १७७७ रोजी रॅंस येथे झाला. वडील निकोला पोन्सार्दां हे कापडाचे मोठे उत्पादक होते. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक ज्या कॅथेड्रलमध्ये होत असे, त्या शहरात त्यांचे वजन होते. तीन भावंडांत बार्ब-निकोल थोरल्या. त्यांचे शिक्षण मठाच्या शाळेत सुरू झाले, परंतु त्या अकरा वर्षांच्या असताना १७८९ ची राज्यक्रांती झाली. श्रीमंत घरांतील मुलींना रस्त्यावरून नेणेही धोक्याचे बनले. घरच्या शिंपिणीने त्यांना शेतकऱ्याच्या मुलीचे कपडे घालून मठातून बाहेर काढले, अशी आठवण त्यांच्या कुटुंबात सांगितली जात असे. वडिलांनी वाऱ्याची दिशा ओळखली, क्रांतिकारकांच्या गटात प्रवेश केला आणि कुटुंब व कारखाना दोन्ही वाचवले. पुढे नेपोलियनच्या काळात ते रॅंसचे महापौर झाले आणि १८१३ मध्ये त्यांना सरदारकीचा किताबही मिळाला. राजकारण कितीही बदलले तरी व्यापार चालू ठेवायचा असतो, हा धडा मुलीने या घरातच घेतला असावा.

१७९८ च्या जून महिन्यात फ्रांस्वा क्लिको यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चर्चमधील विधींवर क्रांतीने आणलेल्या बंधनांची सावली अजून होती; त्यामुळे हा विवाह एका तळघरात पार पडल्याचे सांगितले जाते. क्लिको कुटुंबाचा मुख्य व्यवसाय कापड आणि सावकारी हा होता. फ्रांस्वा यांचे वडील फिलिप यांनी १७७२ मध्ये त्याला मद्यव्यापाराची जोड दिली होती, पण तो व्यवसाय दुय्यम होता. फ्रांस्वा यांना मात्र त्यातच रस होता. नवविवाहित जोडपे द्राक्षमळ्यांतून हिंडत असे, माती आणि हंगाम यांची चर्चा करत असे. १७९९ मध्ये त्यांना क्लेमांतीन ही मुलगी झाली. १८०१ मध्ये फ्रांस्वा यांना लुई बोन हा जर्मन विक्रेता भेटला. अनेक भाषा बोलणारा, चिवट आणि निष्ठावान असा हा माणूस पुढे बार्ब-निकोल यांच्या यशाचा मोठा आधार ठरला.

२३ ऑक्टोबर १८०५ रोजी फ्रांस्वा यांचे तापाने निधन झाले. एकुलता एक मुलगा गेल्याने वृद्ध फिलिप खचले आणि त्यांनी पेढी बंद करण्याचे ठरवले. सहा वर्षांची मुलगी, तरुण वय आणि पाठीशी दोन श्रीमंत घरे असताना सुनेने पुन्हा लग्न करावे किंवा शांतपणे घरी राहावे, हीच सर्वांची अपेक्षा होती. सुनेने सासऱ्यांकडे मागितली ती पेढी.

या मागणीमागे कायद्याचे एक महत्त्वाचे कलम उभे होते. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने विवाहित स्त्रीला पतीच्या अधिकाराखाली ठेवले होते. पतीच्या संमतीशिवाय तिला करार करता येत नसे, मालमत्ता विकता येत नसे, न्यायालयात उभे राहता येत नसे. अविवाहित मुलगी वडिलांच्या छायेत असे. विधवेला मात्र स्वतःच्या नावाने व्यवहार करण्याची मोकळीक होती. पतीच्या मृत्यूने तिला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती बनवले होते. पुन्हा लग्न केले असते तर हा अधिकार त्याच दिवशी गेला असता. बार्ब-निकोल यांनी पुढील ६१ वर्षांत दुसरा विवाह केला नाही. त्यामागे दुःख किती आणि हिशेब किती, हे त्यांनी कोणाला सांगितल्याचे दिसत नाही. पण विधवा या शब्दाचे मोल त्यांना पुरते कळले होते, हे त्यांच्या पेढीच्या नावावरून स्पष्ट होते.

फिलिप यांनी होकार दिला, पण अट घातली. अलेक्झांद्र फूर्नो या अनुभवी मद्यव्यापाऱ्याबरोबर चार वर्षे भागीदारीत काम करायचे आणि धंदा शिकायचा. ही चार वर्षे अत्यंत कठीण गेली. नेपोलियनच्या युद्धांनी बंदरे बंद पडली होती. ॲमस्टरडॅमला पाठवलेल्या सुमारे ५० हजार बाटल्या तेथील गोदामात अडकून नासल्या. लुई बोन रशियात ग्राहक शोधत फिरत होता आणि फ्रेंचांचा हेर समजून पकडले जाण्याची भीती त्याला सतत होती. १८१० मध्ये भागीदारीची मुदत संपली आणि फूर्नो बाहेर पडले. कोणालाही पुन्हा बंद करावेसे वाटेल अशा या क्षणी सासऱ्यांनी सुनेवर दुसऱ्यांदा विश्वास टाकला. त्याच वर्षी व्हव क्लिको-पोन्सार्दां या नावाने नवी पेढी उभी राहिली. सासरचे नाव, माहेरचे नाव आणि त्यांच्या आधी विधवा हा शब्द, अशी ती नाममुद्रा होती.

त्या वर्षाची आणखी एक आठवण पेढीच्या इतिहासात नोंदवलेली आहे. शॅंपेन प्रांत थंड आहे. एखाद्या वर्षी ऊन पडते, एखाद्या वर्षी पाऊस आणि धुके पीक खातात. म्हणून तेथील मद्यकारांची रीत निरनिराळ्या गावांचे आणि निरनिराळ्या वर्षांचे मद्य मिसळून चव सारखी ठेवण्याची होती. १८१० च्या हंगामातील मद्य मात्र मादाम क्लिको यांनी इतर वर्षांत न मिसळता स्वतंत्र ठेवले. शॅंपेन प्रांतातील नोंद असलेले हे पहिले एकवर्षी मद्य, असा पेढीचा दावा आहे. चांगल्या वर्षाला त्याचे स्वतःचे नाव द्यावे, ही कल्पना आज दुर्मीळ आणि महागड्या शॅंपेनचा पाया आहे.

पुढचेच वर्ष विलक्षण ठरले. १८११ मध्ये आकाशात एक मोठा धूमकेतू आठ महिन्यांहून अधिक काळ नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. आपल्याकडे शेंडेनक्षत्र दिसले की राजाला अरिष्ट, असे मानले जाई. युरोपातही लोकांनी त्यात युद्धाची आणि साम्राज्याच्या पतनाची चाहूल पाहिली. द्राक्षमळ्यांत मात्र त्या वर्षी अपूर्व पीक आले. तरुण पुरुष सैन्यात गेल्याने तोडणी बव्हंशी स्त्रिया, मुले आणि वृद्धांनी केली. मादाम क्लिको यांनी ते मद्य तळघरात साठवले आणि बुचावर नांगराच्या खुणेबरोबर धूमकेतूची खूणही आणली. त्यानंतरची दोन वर्षे विक्री जवळजवळ ठप्प होती. १८१२ मध्ये नेपोलियन रशियात शिरला आणि उद्ध्वस्त सैन्य घेऊन परतला. झार अलेक्झांडर यांनी बाटलीबंद फ्रेंच मद्याच्या आयातीवर बंदी घातली. उत्तम माल तळघरात आणि सर्वांत चांगले गिऱ्हाईक शत्रूच्या देशात, अशी अवस्था झाली.

१८१४ च्या आरंभी रशियन आणि प्रशियन फौजा रॅंसमध्ये आल्या. मौल्यवान बाटल्या वाचवण्यासाठी मादाम क्लिको यांनी तळघरांची तोंडे बंद करून घेतली. जे मद्य अधिकाऱ्यांनी प्यायले त्याचा त्यांनी फार शोक केला नाही. आज पितात ते उद्या किंमत देतील, असा त्यांचा कयास होता आणि तो खरा ठरला. एप्रिलमध्ये नेपोलियनने सत्ता सोडली. शांतता येताच सर्व शॅंपेन व्यापारी रशियाची बंदी उठण्याची वाट पाहू लागले. मादाम क्लिको थांबल्या नाहीत. त्यांनी गुप्तपणे एक डच जहाज भाड्याने घेतले, त्यात १० हजार ५५० बाटल्या भरल्या आणि लुई बोन यांच्यासह ते बाल्टिक समुद्राकडे रवाना केले. जहाज पकडले गेले असते किंवा उन्हाळ्यात बाटल्या फुटल्या असत्या, तर पेढी संपली असती. हे धाडस करताना त्यांनी वडिलांनाही विश्वासात घेतले नव्हते, असे सांगतात.

जहाज क्योनिग्सबर्ग बंदरात, म्हणजे आजच्या कालिनिनग्राडमध्ये, सुखरूप पोहोचले. १८११ चे ते गोड आणि जोरकस मद्य हातोहात खपले. बंदी उठल्याची वार्ता येताच दुसरे जहाज थेट सेंट पीटर्सबर्गच्या मार्गाला लागले. प्रतिस्पर्ध्यांना जाग येण्यापूर्वी रशियाची बाजारपेठ या पेढीच्या हाती आली होती. पुढे तेथील समाजात क्लिको हे नाव शॅंपेनचेच दुसरे नाव बनले आणि पुश्किन यांच्या येवगेनी ओनेगिन या काव्यातही त्याला जागा मिळाली.

यशाने एक नवी अडचण उभी केली. ती समजण्यासाठी शॅंपेन कशी बनते ते पाहावे लागेल. द्राक्षरस आंबतो तेव्हा किण्वातील सूक्ष्म जीव साखरेचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करतात. शॅंपेनमध्ये हे दोनदा घडते. पहिल्यांदा पिंपात, दुसऱ्यांदा बंद बाटलीत. दुसऱ्या वेळी वायूला बाहेर जाण्यास वाट नसते. तो मद्यात विरघळतो आणि बूच निघताच बुडबुड्यांच्या रूपाने वर येतो. पण काम संपले की मृत किण्व बाटलीत गाळ होऊन राहते आणि मद्य गढूळ होते. गाळ काढावा तर वायू निसटतो, ठेवावा तर गिऱ्हाईक नाक मुरडते. त्या काळी मद्य एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत ओतत. त्यात वेळ जाई, मद्य वाया जाई आणि फेसही कमी होई. शिवाय काच कमकुवत असल्याने दाबाने बाटल्या फुटत. एक फुटली की शेजारच्या फुटत आणि एखाद्या वाईट वर्षी साठ्याचा मोठा हिस्सा जमिनीवर वाहून जाई. कामगार तोंडावर तारेचे मुखवटे बांधून तळघरात उतरत.

१८१६ च्या सुमारास मादाम क्लिको यांनी या गाळावर उपाय शोधला. परंपरा सांगते की त्यांनी स्वयंपाकघरातले टेबल तळघरात नेले आणि त्याला बाटलीच्या मानेएवढी भोके पाडून घेतली. बाटल्या त्यांत उलट्या खोचल्या. रोज प्रत्येक बाटली हलकेच हलवून थोडी फिरवली, की गाळ हळूहळू घसरत बुचाजवळ येतो. सहा ते आठ आठवड्यांत सारा गाळ मानेत जमतो. मग बूच झटक्यात काढले की आतल्या दाबाने गाळ तेवढा उडतो. उणे झालेले मद्य साखरेच्या पाकासह भरून पुन्हा बूच लावतात. तळघराचे प्रमुख आंत्वान म्युलर यांनी भोके तिरकी पाडण्याची सुधारणा केली, असे मानले जाते. या शोधाचे श्रेय मालकिणीला किती आणि म्युलर यांना किती, हे काटेकोरपणे वाटता येणार नाही. मात्र प्रयोगाला वेळ आणि पैसा देणारी, इतरांच्या हसण्याकडे दुर्लक्ष करणारी आणि ही युक्ती अनेक वर्षे भिंतीआड ठेवणारी व्यक्ती मादाम क्लिको होत्या. किण्वाचे शास्त्र पाश्चर यांनी उलगडण्यास अजून चाळीस वर्षे होती. बाटलीत किती साखर घातली असता किती दाब निर्माण होईल, याचे गणितही १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे निरीक्षण, हातोटी आणि चिकाटी एवढ्याच भांडवलावर हे काम झाले होते.

१८१८ मध्ये त्यांनी आणखी एक पायंडा पाडला. गुलाबी शॅंपेनला रंग आणण्यासाठी तोवर जंगली बेरींचा अर्क वापरत. त्यांनी बूझी गावच्या आपल्या मळ्यातील लाल द्राक्षमद्य पांढऱ्यात मिसळून रंग आणि चव दोन्ही साधले. ही पद्धत शॅंपेन प्रांतात आजही रूढ आहे.

मादाम क्लिको यांचे आयुष्य म्हणजे केवळ जयमाला नव्हती. १८२१ मध्ये लुई बोन यांचा अपघाती मृत्यू झाला. पाठोपाठ त्यांनी बॅंकेच्या व्यवसायात हात घातला आणि तो अंगाशी आला. १८२० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या मंदीत पॅरिसमधील संबंधित पेढी बुडाली आणि तिच्याबरोबर रॅंसची पेढीही बुडण्याच्या बेतात आली. एदुआर व्हेर्ले या तरुण जर्मन सहकाऱ्याने तातडीने पैसा उभा करून ती वाचवली. मादाम यांनी त्यातून बोध घेतला. बॅंक सोडली, कापड सोडले आणि उरलेले बळ एकट्या शॅंपेनवर लावले. १८३१ मध्ये व्हेर्ले भागीदार झाले. १८४१ मध्ये कारभार त्यांच्याकडे सोपवून मादाम निवृत्त झाल्या, तरी त्यांची नजर पेढीवर होती. मुलगी, जावई किंवा नात यांच्याकडे पेढी न देता ती एका कर्तबगार नोकराच्या हाती द्यावी, हा निर्णयही त्यांच्या स्वभावाला साजेसाच होता.

घरच्या आघाडीवर त्यांचे वागणे आज विरोधाभासी वाटेल. स्वतः स्वातंत्र्य जपणाऱ्या या स्त्रीने मुलीला व्यापारात आणले नाही. १८१७ मध्ये क्लेमांतीनचे लग्न त्यांनी काउंट लुई द शेव्हिन्ये या सरदार घराण्यातील तरुणाशी लावून दिले. कविता आणि जुगार यांचा शौक असलेल्या जावयाची देणी सासूबाई भागवत राहिल्या. त्यांनी बुर्सो येथे मोठा प्रासाद बांधला, तोही प्रामुख्याने या उमराव नातेवाइकांसाठी. नातीची मुलगी ॲन मात्र पणजीवर गेली. चित्रकार लेओं कोन्ये यांनी काढलेल्या प्रसिद्ध चित्रात वृद्ध मादाम खुर्चीत बसल्या आहेत आणि त्यांच्या पायाशी ही लहानगी आहे. मोठेपणी डचेस द्युझेस म्हणून ओळखली गेलेली ही पणती १८९८ मध्ये मोटार चालवण्याचा परवाना मिळवणारी फ्रान्समधील पहिली स्त्री ठरली.

२९ जुलै १८६६ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, बुर्सो येथे मादाम क्लिको यांचे निधन झाले. तोवर त्यांची पेढी वर्षाला लाखो बाटल्या देशोदेशी पाठवत होती. १८७७ मध्ये पेढीच्या पिवळ्या लेबलाची अधिकृत नोंदणी झाली. त्यांचे नाव पुढे समुद्राच्या तळातूनही वर आले. २०१० मध्ये बाल्टिक समुद्रात फिनलंडच्या ओलांड बेटांजवळ एका बुडालेल्या जहाजात शॅंपेनच्या १६८ बाटल्या सापडल्या. त्यांतील काहींच्या बुचावर नांगर आणि धूमकेतूची खूण होती. शास्त्रज्ञांनी केलेल्या तपासणीत त्या मद्यात दर लिटरला १४० ग्रॅमहून अधिक साखर आढळली. आजच्या ब्रूट प्रकारात ती १२ ग्रॅमच्या आत असते. गोडाची आवड असलेल्या त्या काळच्या गिऱ्हाइकांसाठी मद्य कसे घडवले जाई, याचा हा रोकडा पुरावा ठरला.

त्यांच्या मागे शॅंपेन प्रांतात कर्तबगार विधवांची परंपराच निर्माण झाली. १८५८ मध्ये पती गमावलेल्या लुईज पोमेरी यांनी १८७४ च्या हंगामातून कमी गोड अशी ब्रूट शॅंपेन रूढ केली. विसाव्या शतकात लिली बोलँजे यांनी पतीनंतर पेढी सांभाळली. त्यांच्याच काळात, १९६९ मध्ये, भिंतीआड राहिलेल्या जुन्या देशी वेलींचे मद्य प्रथम वेगळे काढण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने युरोपचे मळे उजाड केले. त्यातून जे मोजके तुकडे वाचले, त्यांत आय गावातील बोलँजे यांचे हे कुंपणबंद मळे होते.

भिंतीआडच्या मळ्याची सर्वांत नावाजलेली कथा मात्र क्रुग या पेढीची आहे. मादाम क्लिको हयात असताना, १८४३ मध्ये, जर्मनीतील माइन्झहून आलेल्या योहान-योसेफ क्रुग यांनी रॅंसमध्येच ही पेढी काढली आणि योगायोग असा की त्यांचेही निधन १८६६ मध्येच झाले. अनेक गावांचे, अनेक वर्षांचे मद्य जुळवण्यात या पेढीची ख्याती होती. १९७१ मध्ये तिच्या वंशजांनी ल मेनिल-स्यूर-ओजे या गावातील काही मळे घेतले. त्यांत गावाच्या मधोमध, चारी बाजूंनी भिंत असलेला १.८४ हेक्टरचा, म्हणजे साडेचार एकरांच्या आसपासचा, एक तुकडा होता. ही भिंत १६९८ मधील आहे आणि १७५० पर्यंत तो मळा बेनेडिक्टाइन साधूंच्या ताब्यात होता. तेथे शार्दोने या एकाच जातीची द्राक्षे होतात. घरांच्या आणि भिंतीच्या आडोशाने तेथे वारा अडतो आणि ऊब टिकते. १९७९ च्या हंगामात या मळ्याचे मद्य इतके वेगळे निघाले की ते इतरांत न मिसळण्याचे ठरले. क्लो द्यू मेनिल या नावाने ते १९८६ मध्ये बाजारात आले. एकच गाव, एकच भिंत, एकच जात, एकच वर्ष. हंगाम मनाजोगता नसेल त्या वर्षी ते काढलेच जात नाही. दुर्मीळतेमुळे त्याची किंमत सामान्य शॅंपेनच्या कित्येक पट असते. वर्षाला त्याचे नाव देण्याची जी कल्पना मादाम क्लिको यांनी १८१० मध्ये अमलात आणली, तिला येथे जागेच्या नावाची जोड मिळाली. अशी प्रत्येक बाटली नितळ निघते ती मात्र त्याच उलट्या बाटलीच्या युक्तीने.

ती युक्ती महाराष्ट्रातही पोहोचली आहे. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाइन तयार होऊन निर्यात होऊ लागली. पुढे नाशिक परिसर या व्यवसायाचे केंद्र बनला. शॅंपेन हे नाव कायद्याने त्या फ्रेंच प्रांतापुरते राखीव असल्याने येथील मद्य ते नाव लावत नाही, पण बाटलीतील दुसरे किण्वन, उलट्या बाटल्या आणि गाळ उडवण्याची रीत तीच आहे. तिकडे द्राक्षे सप्टेंबरच्या आसपास तोडतात, आपल्याकडे थंडी ओसरताना. हाताने बाटली फिरवण्याचे काम आता बहुतेक ठिकाणी यंत्रे करतात.

मादाम क्लिको यांचे आयुष्य आणि आपल्याकडील काळ शेजारी ठेवला की एक वेगळाच पट दिसतो. त्यांच्या जन्मावेळी इंदूरच्या अहिल्याबाई होळकर राज्य करत होत्या. १७५४ मध्ये विधवा झालेल्या अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत कारभार केला आणि काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभारले. म्हणजे विधवेने मोठे काम करावे, हे मराठी समाजाला अपरिचित नव्हते. पण ते राजघराण्यापुरते उरले. सामान्य विधवेच्या वाट्याला केशवपन, एकभुक्त राहणे आणि कोपरा आला. मादाम क्लिको हयात असतानाच १८२९ मध्ये सतीबंदीचा, १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला आणि १८६३ मध्ये महात्मा फुले यांनी पुण्यात ब्राह्मण विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडले. विधवेला जगू द्यावे, यासाठी येथे झगडा चालू असताना तिकडे एक विधवा जहाजे पाठवत होती. फ्रेंच समाजही काही फार उदार नव्हता. विवाहित स्त्रीला त्याने हक्क दिले नव्हतेच. परंतु कायद्यात राहिलेल्या एका फटीतून विधवेला वाट मिळाली आणि त्या वाटेने एक बाई सर्व आयुष्य चालत गेली.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा राज्यभर त्याची दखल घ्यावी लागली. त्या प्रथा एकविसाव्या शतकातही चालू होत्या, हेच त्यातून उघड झाले. पतीच्या मृत्यूनंतर शेतीचा सातबारा, दुकान किंवा कारखाना आपल्या नावावर करून घेऊन तो चालवणाऱ्या स्त्रिया आज गावोगावी आहेत आणि त्यांची लढाई बहुधा घरातूनच सुरू होते. मादाम क्लिको यांना सासऱ्यांनी दोनदा भांडवल दिले, ही गोष्ट म्हणूनच त्यांच्या धाडसाइतकीच लक्षात ठेवण्यासारखी आहे. कर्तृत्व तिचे असते. पण तिला पहिली संधी देण्याचे काम भोवतालच्या माणसांना करावे लागते. रॅंसच्या त्या वृद्ध कापड व्यापाऱ्याने ते केले आणि ज्या शब्दात एका स्त्रीचा शेवट लिहिलेला असे, तो शब्द तिच्या पेढीची नाममुद्रा बनून दोनशेहून अधिक वर्षे टिकला.